ऑटिस्टिक तरुणांना माणसांत वावरायला शिकवताना: मिसळीचं टेबल, कट्टा आणि फोन

थेरपीच्या खोलीत "नमस्कार, माझं नाव अमुक, तुझं नाव काय?" हे बिनचूक म्हणणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कट्ट्यावर गेला की गप्प का होतो, असं पालक हमखास विचारतात. कारण कट्ट्यावर कुणीच असं बोलत नाही. तिथे "काय रे, कुठे गायब?" म्हणतात आणि उत्तराची वाटही न बघता पुढच्या विषयावर जातात. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप उतरत नाही, ही ऑटिझममधली (स्वमग्नतेतली) नेहमीची अडचण. खोलीतला सराव वाया जात नाही, पण तो खऱ्या जागेपर्यंत न्यावा लागतो. फोनचं कामही तेवढंच: आधी तयारी करून घेणं आणि प्रत्यक्ष वेळी आधार देणं.

हा लेख साधारण तेरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींचे पालक, मावश्या-काका, विशेष शिक्षक यांच्यासाठी आहे. एकच प्रसंग धरून पुढे जाऊ: मुलाला एकट्याने मिसळ खाऊन यायचं आहे. तुमच्या घरी तो प्रसंग वाचनालयातून पुस्तक बदलण्याचा असेल किंवा सिटीलिंकच्या बसने मावशीकडे जाण्याचा असेल. पद्धत तीच.

आधी ठरवा, कोणाला काय हवंय

आई म्हणते, "लग्नकार्यात नातेवाइकांशी बोलायला शिकव." मुलाला मात्र बसचे मार्ग पाठ असलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलाशी ओळख हवी असते. सुरुवात मुलाच्या यादीपासून करा. विचारून उत्तर मिळत नसेल तर सहा-आठ ठिकाणांचे फोटो फोनवर दाखवा आणि 'जायचंय', 'नको', 'माहीत नाही' अशा तीन गठ्ठ्यांत लावायला सांगा. जे त्याला हवंय तिथे तो गोंगाटही थोडा सहन करेल. जे तुम्हाला हवंय तिथे तो तुमच्यासाठी नाटक करेल आणि घरी येऊन कोसळेल.

काही गोष्टी यादीतून आधीच काढून टाका. डोळ्याला डोळा भिडवणं ही त्यातली पहिली. अनेक ऑटिस्टिक माणसांना नजर भिडवली की समोरचा काय म्हणतोय हेच ऐकू येईनासं होतं. ऐकतोय हे कळवायला "हं" म्हटलं तरी चालतं. हात हलवणं, पुढेमागे डुलणं यानेही कुणाचं काही बिघडत नाही. स्वतःला सतत झाकून 'नॉर्मल' दिसण्याचा संबंध चिंता आणि नैराश्याशी आहे, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मुलींच्या बाबतीत जास्त सावध राहा. त्या मैत्रिणींची नक्कल इतकी बेमालूम करतात की शाळेत कुणाच्या लक्षात येत नाही, आणि दमणूक सगळी घरी निघते.

ब्रिटनमधले ऑटिस्टिक संशोधक डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये मांडलं की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंनी असते: ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांनाही तो कळत नाही. मला हे रोजच्या कामात फार उपयोगी वाटतं. निम्मं शिक्षण मुलाचं, निम्मं वेटरचं, चुलतभावाचं आणि आजीचं, अशी वाटणी त्यातून होते.

न लिहिलेले नियम वहीत लिहा

आपल्याकडे बोलण्यात शब्दशः न घ्यायच्या गोष्टी किती आहेत हे ऑटिस्टिक मुलाला समजावायला बसलं की लक्षात येतं. "येतो" म्हणून माणूस निघून जातो. "या एकदा घरी" हे आमंत्रण नसतं, दिवस आणि वेळ सांगितली तर ते आमंत्रण. "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही. "जेवलास का?" याला ताटातले पदार्थ सांगायचे नसतात, "हो, तुम्ही?" एवढं पुरतं. चहाला पहिल्यांदा "नको" म्हणण्याची रीत आहे, त्यामुळे लोक पुन्हा आग्रह करणार. खरंच नको असेल तर "नको, मी चहा घेत नाही" असं पूर्ण वाक्य बोलायचं, म्हणजे विषय संपतो.

एका वहीत तीन रकाने आखा: लोक काय म्हणतात, त्यांना काय म्हणायचं असतं, मी काय म्हणू शकतो. मुलानेच लिहावं, चित्र काढावं किंवा बोलून टाइप करावं. गुगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टाइप करता येतं.

'तू' आणि 'तुम्ही' यांचा नियम सोपा ठेवा. बरोबरीच्या ओळखीच्या मुलामुलींना तू. दुकानदार, कंडक्टर, रिक्षावाले, वेटर यांना वयाने लहान दिसले तरी तुम्ही. शंका आली की तुम्ही. "ते माझे काका नाहीत, मग काका का म्हणू?" असं कुणी विचारलं तर वाद घालू नका. ही नुसती हाक मारायची रीत आहे हे सांगा, पटत नसेल तर "अहो" चालतं.

एका प्रसंगाची छोटी गोष्ट

अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 'सोशल स्टोरी' ही पद्धत रुजवली. घरी लिहिताना लोक तिची सूचनांची यादी करून टाकतात: शांत बस, ओरडू नकोस, थँक्यू म्हण. ग्रे यांचा दंडक उलटा आहे. काय करावं हे सांगणारं एक वाक्य असेल तर काय घडतं हे सांगणारी निदान दोन हवीत. आपल्या प्रसंगाची गोष्ट अशी होईल:

"मला मिसळ आवडते. मिसळीच्या दुकानात सकाळी गर्दी असते. लोक मोठ्याने बोलतात, भांड्यांचा आवाज येतो. गर्दी असेल तर माझ्या टेबलावर अनोळखी माणसंही बसतात. ती बहुधा माझ्याशी बोलत नाहीत, खातात आणि जातात. वेटर येऊन विचारतात, 'काय देऊ?' ते भरभर बोलतात, कारण त्यांना घाई असते. ते रागावलेले नसतात. मी म्हणू शकतो, 'एक मिसळ, रस्सा वेगळा.' कधी कधी मिसळ यायला वेळ लागतो. आवाज फार झाला तर मी कानावर हेडफोन लावू शकतो किंवा बाहेर जाऊन थांबू शकतो. खाऊन झालं की पैसे देऊन मी घरी येतो."

मुलाच्या भाषेत लिहा, 'मी' वापरा, 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द टाळा. 'नेहमी पाच मिनिटांत मिसळ येते' असं लिहिलंत आणि सहावं मिनिट लागलं, की गोष्टीवरचा विश्वास उडाला. प्रत्येक दोन-तीन वाक्यांना त्याच दुकानाचा एक फोटो जोडा. निघायच्या आधी वाचायची, चूक झाल्यावर शिक्षा म्हणून नाही.

फोनवर व्हिडिओ

अमेरिकेत 2020 साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ऑटिझमसाठी पुरावा असलेल्या 28 पद्धती निवडल्या गेल्या. गोष्टीरूप मांडणी, सवंगड्यांच्या मदतीने शिकवणं आणि व्हिडिओ पाहून शिकणं या तिन्ही त्यांत आहेत. व्हिडिओला महाग साधन लागत नाही. आभासी जगात नेणारे चष्मे आणि बोलके रोबो यांवर संशोधन चालू आहे, पण त्यासाठी घरात पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे.

शूटिंग असं करा. मुलाच्याच वयाचा, त्याला आवडणारा कुणी, म्हणजे आतेभाऊ किंवा शेजारचा दादा, कामाला लावा. एक पायरी, एक व्हिडिओ, अर्ध्या-एक मिनिटाचा: दारातून आत येणं, जागा शोधणं, ऑर्डर देणं, जादा रस्सा मागणं, बिल देणं. दोन प्रकारे घ्या. एकदा समोरून, दादा दिसेल असं. एकदा फोन छातीशी धरून, मुलाच्या नजरेला दिसेल तसं. दुकानदाराची आधी परवानगी घ्या आणि इतर गिऱ्हाइकांचे चेहरे येऊ देऊ नका. निघण्यापूर्वी मुलाने तो एक-दोनदा बघावा, लगेच घरी तसं करून बघावं, मग बाहेर पडावं.

पुढचा टप्पा जास्त गमतीचा असतो. मुलगा स्वतः करत असताना चित्रण करा आणि तुमच्या सूचना, अडखळणं कापून टाका. उरलेल्या व्हिडिओत तो स्वतःच सगळं नीट करताना दिसतो. हा व्हिडिओ त्याचा आहे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कौतुकाने टाकायचा असला तरी त्याला विचारायचं, आणि तो नको म्हणाला तर नाही टाकायचा.

प्रत्यक्ष दुकानात

रविवारी सकाळी नाशिकमधल्या कुठल्याही नावाजलेल्या मिसळीच्या ठिकाणी पाय ठेवायला जागा नसते. शिकायला तो दिवस नाही. मधल्या वारी, न्याहारीची गर्दी ओसरल्यावर जा. पहिल्या फेरीत फक्त जागा बघायची: हात धुवायचं बेसिन कुठे, पंखा कुठल्या टेबलावर कमी, बाहेर पडायचा रस्ता कोणता. काही न खाता परत आलात तरी चालेल.

मग शेवटून सुरुवात करा. सगळं तुम्ही करा, फक्त पैसे द्यायचं काम त्याचं. ते सहज जमलं की बिल मागणं आणि पैसे देणं. मग जादा रस्सा मागणं. अशा रीतीने मागून पुढे या. कारण साधं आहे: प्रत्येक वेळी तो काम पुरं करून उठतो. पहिल्या पायरीवरच अडकलेला मुलगा 'मला जमत नाही' एवढंच शिकून येतो.

सूचना देण्याचाही क्रम असतो. आधी थांबा, मनात दहापर्यंत मोजा. ऑटिस्टिक माणसाला ऐकलेलं पचवायला वेळ लागतो आणि आपण दुसऱ्याच सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारतो. त्याने तो प्रश्न पुन्हा पहिल्यापासून ऐकायला घेतलेला असतो! थांबूनही काही झालं नाही तर फोनवरच्या यादीकडे बोट दाखवा. मग पहिला शब्द सांगा. पूर्ण वाक्य सर्वांत शेवटी. हळूहळू तुम्ही शेजारच्या खुर्चीवरून मागच्या टेबलावर, मग दुकानाबाहेर, मग घरी जाल. घरी असताना फोनवरून लाइव्ह लोकेशन दिसतं, पण ते चालू असल्याचं मुलाला माहीत हवं.

यादी फोनच्या नोट्समध्ये ठेवा, पाच ओळींहून मोठी नको. खिशात जाड कागदाचं कार्डही असू द्या. बॅटरी संपते.

पैशांसाठी एक सोय उपयोगी पडते. 'यूपीआय सर्कल'मध्ये तुम्ही तुमच्या खात्यातून मुलाला खर्चाची मर्यादा ठरवून देऊ शकता. महिन्याला जास्तीत जास्त 15,000 आणि एका वेळी 5,000 रुपये. तुमची मर्यादा अर्थातच याहून कमी ठेवा. प्रत्येक खर्चाला तुमची मंजुरी लागेल असाही पर्याय आहे.

जो मुलगा बोलत नाही त्यानेही हेच करायचं, चित्रं दाबून बोलणाऱ्या अ‍ॅपवर. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' मराठीत आहे आणि मोफत आहे. चेन्नईचं 'आवाज' हेही बरंच वापरलं जातं. अ‍ॅपमध्ये 'मिसळ', 'रस्सा', 'पाव', 'तिखट नको' ही बटणं आधी बसवून घ्या. आणि वेटरला सांगा की उत्तर त्यालाच द्या, मला नाही.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त वेळ कशावर घालवेन तर गडबड झाल्यावर काय बोलायचं यावर. ऑर्डर चुकते, सुटे पैसे नसतात, नेटवर्क जातं. चार वाक्यं पाठ हवीत: "परत सांगता का?", "मला समजलं नाही", "मी हे मागवलं नव्हतं", "एक मिनिट थांबा, मला वेळ लागतो." दुकानदाराशी संगनमत करून एकदा मुद्दाम पावाऐवजी फक्त पापड आणायला लावा, पण 'आज एक चूक होणार आहे' हे मुलाला आधी सांगून. न सांगता केलं तर तो सापळा होतो.

कट्टा आणि सवंगडी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस शाखेत एलिझाबेथ लॉजसन यांनी विकसित केलेला 'पीअर्स' नावाचा सामाजिक कौशल्यांचा कार्यक्रम किशोरांसाठी आहे. त्यात पालकही समांतर वर्गात शिकतात. त्यातली मोलाची गोष्ट ही की मुलांना मोठ्यांना जे बरोबर वाटतं ते नव्हे, तर मुलांमध्ये प्रत्यक्षात जे चालतं ते शिकवायचं. कुणी चिडवलं तर आपण सांगतो, दुर्लक्ष कर किंवा सरांना सांग. दोन्हींनी चिडवणं वाढू शकतं. छोटं, कंटाळलेलं उत्तर चालतं. मराठीत "बरं मग?" म्हणून खांदे उडवणं याला तोड नाही. आरशासमोर, मग चुलतभावासमोर सराव करा. मारहाण, पैसे उकळणं किंवा अंगाला हात लावणं हे मात्र चिडवणं नव्हे, तिथे मोठ्यांना सांगायचंच.

चालू गप्पांत शिरण्याच्या पायऱ्याही शिकवता येतात. थोडं लांबून ऐक. विषय आपल्याला माहीत आहे का बघ. जवळ जा. बोलणं थांबलं की त्याच विषयावर एक वाक्य टाक. ते तुझ्याकडे वळले, काही विचारलं, तर थांब. वळले नाहीत तर फोन बघत बाजूला हो. असं सगळ्यांचंच होतं, आणि ते कुणी मोजत नाही.

तरी फक्त 'इतरांत मिसळ' हा आग्रह नको. एडिनबरामध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखवलं की ऑटिस्टिक माणसं आपापसांत माहिती तितकीच नीट पोचवतात जितकी इतर माणसं आपापसांत. त्या अभ्यासात अडचण मिश्र जोड्यांत दिसली. म्हणून चार-पाच ऑटिस्टिक तरुणांचा गट जमवा आणि त्यांना 'गप्पा मारा' म्हणू नका, काम द्या: बुद्धिबळ, सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या, बसमार्गांचा नकाशा. गटासाठी मुलं कुठून आणायची? थेरपिस्टच्या प्रतीक्षाकक्षात तीच आठ घरं दर आठवड्याला एकमेकांकडे न बघता बसलेली असतात. तिथून.

फोनच्या आतलं जग

अनेकांना लिहून बोलणं तोंडी बोलण्यापेक्षा सोपं जातं: विचार करायला वेळ मिळतो, चेहरे वाचावे लागत नाहीत. त्यामुळे 'फोन सोड आणि माणसांशी बोल' हे वाक्य बऱ्याचदा चुकीच्या दिशेने जातं. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद ठेवून टाइप केलेलं उत्तरही उत्तरच.

दोन भावंडांना घेऊन सरावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा. तिथे ठरवून प्रसंग घडवा: कुणी उत्तरच देत नाही, कुणी उपरोधिक स्टिकर टाकतो. नियम आकड्यांत द्या. उत्तर आलं नाही तर एक दिवस थांबून एकच मेसेज, त्यानंतर नाही. रात्री दहानंतर फोन नाही. कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय पुढे नाही. एआय चॅटबॉटही सरावाला चालतो: "या मेसेजचे तीन अर्थ काय असू शकतात?" असं त्याला विचारता येतं. पण तो कधी कंटाळत नाही, रुसत नाही, विषय बदलू या म्हणत नाही. माणसं हे सगळं करतात, म्हणून तेवढ्यावर भागत नाही. नाव, पत्ता, फोटो त्यात टाकायचे नाहीत.

फसवणुकीसाठी मात्र ही मुलं सोपं सावज असतात, कारण ती सांगितलेलं खरं मानतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ग्रुप्स, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. ओटीपी आई-बाबांनाही सांगायचा नाही, असा कडक नियम ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

प्रेम, नकार, अंग

यावर घरात बोललं जात नाही आणि मग पोलीस ठाण्यात बोलावं लागतं. आवडलेल्या मुलीच्या मागे रोज चालत जाणं त्याला प्रेम वाटतं, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली तो पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीबाबत 2012 चा पॉक्सो कायदा लागतो आणि तिची संमती तिथे ग्राह्य धरली जात नाही. साधं वाक्य द्या: एकदा विचार, 'नाही', 'बघू' किंवा गप्प बसणं आलं की परत विचारायचं नाही.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. सांगितलं की ऐकायचं, अशी वर्षानुवर्षं सवय लावलेलं मूल चुकीच्या माणसाचंही ऐकतं. म्हणून "नाही" म्हणण्याचा सराव घरात हवा, आणि घरात ते "नाही" मानलंही जायला हवं. आत्याने गालगुच्चा घेतला आणि मुलगी मागे सरली, तर आत्याला थांबवा.

गर्दीचे दिवस

रंगपंचमीच्या रहाडी (रंगीत पाण्याचे हौद) किंवा 2027 चा सिंहस्थ ही सरावाची जागा नाही, पण त्या दिवसांत घराबाहेर पडावंच लागतं. पंचवटीत राहत असाल तर आधीच रस्ते, वेळा आणि हरवल्यास थांबायची जागा ठरवा. खिशात कार्ड: "मी ऑटिस्टिक आहे. मला उत्तर द्यायला वेळ लागतो. कृपया हात धरून ओढू नका. या क्रमांकावर फोन करा." सोबत दिव्यांग ओळखपत्राची प्रत.

जमतंय का, हे कसं कळेल

दर आठवड्याला एक पान: काय स्वतः केलं, कुठे सूचना लागली, आणि त्याला कसं वाटलं हे त्याच्याच शब्दांत किंवा एक ते पाच आकड्यांत. आकडा घसरत असेल तर बाहेरून कितीही छान दिसत असलं तरी पायरी मोठी आहे, ती फोडा. बाहेरून आल्यावर तासभर अंधारी, शांत खोली हा कार्यक्रमाचाच भाग धरा, त्या वेळात "कसं झालं?" विचारू नका. आठवड्यांमागून आठवडे झोप उडाली, आवडीचे विषयही सुटले किंवा जगण्याबद्दल निराशेचं बोलणं सुरू झालं, तर कौशल्यं बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.